टेलोमियर चाचणीचा अहवाल: लांबी मोजली, कर्करोगाचे सांगायचे राहिले

रक्ताच्या थेंबावरून टेलोमियरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक टोप्यांची, सरासरी लांबी मोजून ‘जैविक वय’ सांगणारी एक घरपोच चाचणी मी करून घेतली. नमुना घेण्याच्या सूचना स्पष्ट होत्या आणि अहवाल वेळेवर आला. सेवेच्या या बाजूविषयी तक्रार नाही. माझा आक्षेप अहवालाच्या गृहीतकावर आहे. लांब टेलोमियर म्हणजे आरोग्य आणि आखूड म्हणजे धोका, या एकाच मापाने त्यात सगळे तोलले आहे, आणि कर्करोगाचे नाव फक्त आखूडपणाच्या दुष्परिणामांत घेतले आहे.

टेलोमियरमध्ये, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाशी, टीटीएजीजीजी हा डीएनए-अक्षरांचा क्रम हजारो वेळा आलेला असतो आणि पेशीच्या दर विभाजनात तो थोडा झिजतो. टोक फारच आखूड झाले की निरोगी पेशी विभाजन थांबवते, म्हणजे ही झीज कर्करोगाविरुद्धचा एक बंदोबस्तही आहे. मात्र पी53 सारखे नियंत्रक जनुक बिघडलेले असेल तर पेशी थांबत नाही. उघडी पडलेली टोके एकमेकांना जोडली जातात, पुढच्या विभाजनात ती ओढली जाऊन तुटतात आणि जनुकसंचाची मोडतोड वाढत जाते. या अवस्थेत बहुतेक पेशी मरतात. एखादी तगते ती टेलोमियर राखण्याची सोय पुन्हा मिळवून: सुमारे 85 ते 90 टक्के कर्करोगांत टेलोमरेज हे टेलोमियर लांबवणारे विकर (एन्झाइम) पुन्हा सुरू झालेले दिसते, तर ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगासारख्या काहींत पेशी एका टोकाच्या डीएनएवरून दुसरे टोक वाढवून घेतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात अनेकदा टेलोमरेजच्या टर्ट जनुकाचा प्रवर्तक भाग (जनुक चालू करणारा भाग) बदललेला असतो, हे 2013 मध्ये समोर आले. कर्करोगाच्या प्रसारालाही हीच सोय लागते, कारण दूरच्या अवयवात जाऊन पडलेल्या मोजक्या पेशींपासून नवी गाठ वाढायची तर असंख्य विभाजने व्हावी लागतात.

म्हणून प्रश्न लांबीपेक्षा राखणीचा आहे, आणि अहवाल त्याला स्पर्शही करत नाही. पुष्कळ गाठींतील टेलोमियर शेजारच्या निरोगी ऊतींपेक्षा आखूडच असतात, पण ते आणखी झिजत नाहीत. शिवाय ही चाचणी रक्तातील असंख्य पांढऱ्या पेशींची सरासरी देते. फुप्फुसातल्या किंवा आतड्यातल्या एखाद्या बिघडलेल्या पेशीत काय चालले आहे, हे त्या आकड्यातून कळणे शक्य नाही.

लांबीबद्दल दिलेली शाबासकी तर मला सर्वांत अधिक खटकली. टेलोमियरचे रक्षण करणाऱ्या पॉट1 जनुकातील काही आनुवंशिक बदलांमुळे ज्यांचे टेलोमियर असाधारण लांब राहतात, त्या कुटुंबांत मेलानोमासह अनेक प्रकारच्या गाठी अधिक आढळतात. जनुकीय अभ्यासांतही लांब टेलोमियरकडे असलेला जन्मजात कल ग्लायोमा (मेंदूतील गाठ) आणि फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या वाढीव जोखमीशी जोडलेला दिसतो. पेशींना विभाजनाची जास्त मुदत मिळाली की उत्परिवर्तने साठायलाही जास्त वाव मिळतो. ज्याला ‘उत्तम’ असा हिरवा शेरा मिळतो, त्याला यातले काहीही कळत नाही.

अहवालाच्या शेवटी ‘टेलोमरेज सक्रिय करणाऱ्या’ कॅप्सूल सुचवल्या आहेत. त्यांनी कर्करोग होतो असे मी म्हणत नाही. पण ज्या विकराच्या आधाराने बहुसंख्य गाठी वाढत राहतात, ते वाढवण्याचा सल्ला कर्करोगाबद्दल एक वाक्यही न लिहिता देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. औषधशास्त्रात प्रयत्न उलट दिशेने चालले आहेत: टेलोमरेज रोखणाऱ्या इमेटेलस्टॅटला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2024 मध्ये मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकाराच्या काही रुग्णांतील रक्तक्षयासाठी मान्यता दिली, आणि त्यातही प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटतात म्हणून रक्ततपासणी सतत करावी लागते.

ज्यांच्या कुटुंबात अस्थिमज्जा निकामी होणे किंवा कमी वयात फुप्फुसे कडक होणे असा इतिहास आहे, त्यांच्यासाठी टेलोमियर मोजणे खरोखर मोलाचे आहे. परंतु ते रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि फ्लो-फिश या पेशीनिहाय लांबी मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धतीने व्हावे. निव्वळ कुतूहलापोटी किंवा कर्करोगाच्या भीतीपोटी ही घरपोच चाचणी घ्यावी, अशी शिफारस मी करणार नाही.