नागपूरच्या धरमपेठेतलं किराणा मार्ट: माल चांगला, पण स्टिकर उचलून पाहा

दूध-दह्यासाठी हे दुकान उत्तम. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढच्या ओळीत लावतात. आठवडाभर पुरवायचं असेल तर हात मागे घाला, आजच संपणार असेल तर पुढचंच घ्या. फ्रिजची दारं नीट लागतात, हे महत्त्वाचं. कारण पाकिटावर सांगितलेल्या थंडाव्यात ठेवलं तरच छापलेली तारीख खरी. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना दही तासभर डिक्कीत राहिलं, तर त्या तारखेचा भरवसा नाही.

संत्रा बर्फीच्या डब्यावर मात्र किमतीचं स्टिकर नेमकं तारखेवरच. नखाने कोपरा उचलला की खाली पॅकिंगची तारीख आणि 'यूज बाय' सापडते. 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे या दोन्ही लागतातच, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. यूज बाय उलटली की तो माल विकायचाही नाही, खायचाही नाही. बेस्ट बिफोर उलटली तर चव-वास उतरतो, पण नीट ठेवलेला पदार्थ लगेच फेकायची गरज नसते. सावजी मसाल्यावर नुसता महिना आणि वर्ष आहे, त्यात लपवाछपवी काही नाही; तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालाला तेवढं चालतं. सुट्या पेढ्यांच्या ट्रेपुढे बेस्ट बिफोरची पाटी आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून ती सक्तीची केली होती, तरी बरेच जण लावत नाहीत.

खरी तक्रार दुकानाच्या स्वतःच्या पाकिटांची. बेसन, दाणे, खोबऱ्याचा कीस पोत्यातून काढून इथेच भरतात आणि वर कालची 'पॅक्ड ऑन' तारीख मारतात. ती पाकीट भरल्याची. बेसन दळलं कधी, खोबरं किसलं कधी, ते त्यावरून कळत नाही. उन्हाळ्यात यांच्यातलं तेल लवकर खवट होतं. म्हणून अर्धा किलोच न्या आणि घरी पाकीट फोडल्याबरोबर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. कडवट लागलं तर बिलासकट परत करा, कुरकुर न करता बदलून देतात.

काउंटरजवळच्या 'एकावर एक फ्री'च्या रॅकमध्ये दोन्ही पाकिटांवरची तारीख एकेक करून वाचा. बॅच नंबर जुळेलच असं नाही, आणि फुकटातलं बहुधा आधी संपणारं असतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या स्टिकरपायी गेला, एक बेसनापायी.