टाकाऊतून पोशाख करायचा तयार संच: पक्कड झकास, टाकाऊ मात्र कोरंकरकरीत

खोक्यावर हिरवं पान, एकमेकांच्या मागे लागलेले तीन बाण आणि कागदाचा झगा घालून हसणारी मुलगी. झाकण उघडलं तर नव्या प्लास्टिकचा वास, नवी चप्पल खोक्यातून काढल्यावर येतो तसा. संच टाकाऊ वस्तूंचा पोशाख करण्याचा, आणि आतलं टाकाऊ सगळं कारखान्यातून थेट आलेलं. निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या ३० पट्ट्या, चंदेरी कागद, मुद्दाम चुरगळलेलं दिसेल असं छापलेलं कापड. सोबत गोंदाची बंदूक, कड्या बसवायची पक्कड, कागदी मापं आणि एक पुस्तिका. दोन पट्ट्यांवर तर वर्तमानपत्राची छपाई होती. वर्तमानपत्र छापलेलं प्लास्टिक! रद्दीचा एवढा दुष्काळ कधी पडला?

मी २० वर्षं कपडे शिवते. हा संच माझ्या भावाने त्याच्या लेकीसाठी मागवला. ती सातवीत आहे, शाळेच्या पर्यावरणाच्या कार्यक्रमात तिला समुद्र व्हायचं होतं. "आत्या, नुसता निळा समुद्र नको, कचरा पोटात गेलेला समुद्र कर," अशी तिची मागणी. खोकं माझ्या टेबलावर ठेवून भाऊ म्हणाला, "सगळं तयार आहे, ताई, तू फक्त जोडून दे." फक्त जोडून दे, हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच गिऱ्हाइकांकडून ऐकलंय.

आधी त्या बाणांचं सांगते, कारण भाची त्यांनाच भुलली. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात त्रिकोणात फिरणारे बाण आणि मधे ४ हा आकडा. "बघ ना, रिसायकलचंच आहे!" तसं नसतं. तीन बाणांचं मूळ चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. मधे आकडा असलेला त्रिकोण त्यानंतरचा, प्लास्टिकवाल्यांनी १९८८ मध्ये आणलेला. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, इतकंच. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. माल जुन्यापासून केलाय की नव्यापासून, हे त्यातून कळत नाही. लोकांचा घोळ होतो म्हणून २०१३ मध्ये नियम बदलून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण सुचवला गेला, पण जुन्या साच्यांतून बाण अजून निघतातच. खोक्यावर कुठेही "वापरलेल्या मालापासून" असं लिहिलेलं नव्हतं. मी भिंग लावून वाचलं.

तरी जातीचा आकडा उपयोगी पडतो, आणि पुस्तिकेत नेमकं तेच नाही. पुस्तिका १६ पानांची. त्यातली ९ पानं फोटोंची, आणि प्लास्टिकच्या थरांना इस्त्री करून जाड कापडासारखं करायच्या कृतीला तीन ओळी. "पिशव्या एकावर एक ठेवा. मध्यम इस्त्री फिरवा. गार होऊ द्या." मध्यम म्हणजे किती? इस्त्रीवरच्या ठिपक्यांना अर्थ असतो: एक ठिपका ११० अंशांपर्यंत, दोन १५० पर्यंत, तीन २०० पर्यंत. मऊ पॉलिथिन ११० च्या आसपास वितळतं, जास्त घनतेचं १३० च्या आसपास. दोन्ही पिशव्या एका थप्पीत घातल्या की मऊ आक्रसून मनुका होते आणि दुसरी अजून चिकटलेलीही नसते. पहिल्या दिवशी आमची अशीच एक थप्पी वाया गेली.

मग मी कानाने निवड केली. मुठीत चुरगाळल्यावर चुरचुर वाजते ती जास्त घनतेची, मऊ पडते आणि गप्प राहते ती दुसरी. आमच्या घरातल्या पिशव्यांच्या पिशवीतून (ही प्रत्येक घरात असतेच) गप्प बसणाऱ्या तेवढ्या काढल्या. सहा थर, छापील बाजू आत, कारण शाई तापली की कागदाला चिकटते. वर-खाली बटर पेपर, एक ठिपक्याच्या जरा पुढे इस्त्री, आणि हात सतत फिरता. खिडक्या उघड्या. पहिल्यांदा कागदाखाली पिशव्या हलकेच सरकतात, मग एकदम सगळं पारदर्शक आणि ओलसर दिसायला लागतं. तिथे थांबायचं. कागद लगेच ओढायचा नाही, वर जाड पुस्तक ठेवून गार होऊ द्यायचं, नाहीतर कडा वर वळतात. निघतं ते चामड्याच्या जातीचं काहीतरी: वळतं, शिवता येतं, सहज फाटत नाही. पीव्हीसीला मात्र इस्त्री लावूच नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघू शकतो. ही एक ओळ पुस्तिकेत पहिल्या पानावर, लाल अक्षरात हवी होती. मुलांसाठीच्या संचात ती नसणं याला मी हलगर्जीपणा म्हणते.

आता गोंदाची बंदूक. हिच्यावर माझा खरा राग आहे. बटण एकच, तापमान बदलायची सोय नाही, आणि गोंद निघतो तो चांगला कढत. जास्त तापणाऱ्या बंदुकांचा गोंद १९० अंशांच्या घरात जातो, कमी तापणाऱ्या १२० च्या आसपास असतात. पिशवीच्या प्लास्टिकला १९० म्हणजे लोण्यावर निखारा. भाचीने माझी पाठ वळल्यावर हौसेने झालर चिकटवली. झालरीला बारा भोकं पडली, आणि जिथे भोक पडलं नाही तिथे गोंद गार झाल्यावर पापुद्र्यासारखा सुटून आला, कारण पॉलिथिनचा पृष्ठभागच असा की त्याला तो धरतच नाही. रंगीत तालमीत अर्धा समुद्र स्टेजवर गळून पडला. पोर रडवेली. "आत्या, ओहोटी आली," असं तीच नंतर म्हणाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गोंद बाद. मग पक्कड हातात घेतली, आणि या संचाबद्दल माझं मत निम्म्याने सुधारलं. ताडपत्रीला आणि बुटांना असतात तशा धातूच्या आयलेट कड्या बसवायची ही पक्कड, सोबत १०० कड्या. एका दाबात भोक, दुसऱ्या दाबात कडी. दांडे लांब, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीच्या हातातही जोर पुरतो. इस्त्री केलेल्या थरात, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये, बाटलीच्या पत्र्यासारख्या कडेत, सगळीकडे चालली. मोजून ८३ कड्या वापरल्या, त्यातल्या दोनच वाकड्या बसल्या आणि त्याही माझ्या घाईने. बाटल्यांचे खवले आम्ही हिच्यावरच केले: बाटलीतून अंगठ्याएवढे तुकडे कापले, कापलेली कड बटर पेपरवरून गरम इस्त्रीला क्षणभर टेकवली (धार मरते आणि तुकडा आपसूक आत वळतो), मग एकेक कडी आणि खालून दोरी. चालताना ते एकमेकांवर आपटून ओल्या शंखांसारखे किणकिणत होते. तो आवाज आम्ही ठरवलेला नव्हता.

कागदी मापंही चांगली आहेत, याचं श्रेय द्यायला हवं. तीन आकार, खांदा आणि मुंढा (बाही जोडायची जागा) बरोबर बसतो, खुणा स्पष्ट. फक्त ती कापडासाठी आखलीत. कापड उरेब, म्हणजे तिरकं, धरून ओढलं की जरा देतं, अंगाप्रमाणे वळतं. इस्त्री केलेलं प्लास्टिक कुठल्याच बाजूने देत नाही. मापाप्रमाणे कापलेल्या वरच्या अंगात भाचीचा हात वर होईना, आणि समुद्राला लाटा करायच्या होत्या. मी मुंढा अर्धा इंच खाली उतरवला आणि दोन्ही कुशींत जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या जोडल्या, ताणायला. आतून जुन्या चादरीचं अस्तर, कारण प्लास्टिकमधून घाम जात नाही आणि मूल दहा मिनिटांत उकडून निघतं.

शिवताना टाचण्या लावू नका, टाचणीचं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. सुई १४ नंबरची, ट्यूबसाठी १६. टाका मोठा ठेवा, तीन-चार मिलिमीटर. बारीक टाका घातला की तिकिटांच्या कागदासारखी भोकांची रांग तयार होते आणि शिलाईवरूनच फाटतं. मशीनच्या पायाला प्लास्टिक चिकटून अडत असेल तर खाली-वर पातळ कागद घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

पोशाखातला सगळ्यात देखणा भाग मात्र खोक्यातून आलाच नाही. घेरासाठी चुणीदार झालर करा असं पुस्तिका सांगते आणि त्यात त्यांच्या २२ पट्ट्या जातात. माझ्याकडे काडी मोडलेली निळी छत्री पडून होती. छत्री म्हणजे काय, तर आठ कळ्या आधीच जोडलेला गोल घेर! शिवणारीला याहून आयतं काय हवं? काड्यांच्या टोकांचे टाके उसवले, मधली टोपी काढली, आणि कापड मोकळं झालं. कमर ६० सेंटिमीटर, कळ्या आठ, म्हणजे वरच्या काठाला प्रत्येक कळी साडेसात सेंटिमीटर रुंद हवी. तेवढी रुंदी टोकापासून साधारण १० सेंटिमीटरवर मिळाली. खूण १० वर केली, कापलं ९ वर, एक सेंटिमीटर कमरपट्टीत. एक शिलाई वरून थोडी उसवून ठेवली, नाहीतर घेर नितंबांवरून चढणार कसा? खालचा काठ कंपनीचाच शिवलेला, त्याला हातही लावावा लागला नाही. पाऊण तासात गुडघ्यापर्यंतचा घेर तयार. गिरकी घेतली की छत्री उघडल्यासारखा फुलतो, कारण तो जन्मतःच तसा कापलेला आहे.

त्यावर खालून वर कचरा चढवला: कुरिअरच्या पाकिटांच्या पट्ट्या, पॅकिंगच्या फुगेवाल्या प्लास्टिकची (बबल रॅप) जेलीफिश, बाटल्यांचे खवले. सगळं कड्या आणि दोरीने, म्हणजे उद्या सोडवून बाटली बाटलीत आणि छत्री छत्रीत वेगळी करता येते. गोंदाने थापलेला किंवा इस्त्रीने एकजीव केलेला पोशाख पुन्हा कुठल्याच जातीच्या डब्यात बसत नाही. वरच्या अंगाबाबत मीही हे पाप केलंय, कबूल आहे.

तेव्हा ५ पैकी अडीच तारे. दीड तारा पकडीचा, एक मापांचा. पट्ट्या, चंदेरी कागद आणि बंदूक यांना शून्य. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी त्या प्लास्टिकची गत आहे. ज्यांना शिवता येतं त्यांनी नुसती पक्कड सुटी मिळाली तर घ्यावी. ज्यांना अजिबात येत नाही आणि कार्यक्रम परवावर आलाय, त्यांना मापं आधार देतील, पण बंदूक कपाटात वर ठेवा आणि इस्त्री मोठ्या माणसाने हातात घ्यावी. कंपनीला मी पत्र लिहिलंय की पट्ट्या काढून टाका आणि त्या जागी सुई, चिमटे आणि बटर पेपर द्या. आठ दिवसांनी उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, आणि सोबत त्यांच्या नव्या "जंगल" संचाची जाहिरात.

कार्यक्रमात समुद्र शेवटपर्यंत शाबूत राहिला. घेर भाचीने परत दिला नाही, खवले काढून टाकून ती आता तो टी-शर्टवर घालते, आणि परवा पावसात तशीच गेली म्हणून आईची बोलणी खाऊन आली. पक्कड माझ्या मशीनच्या खणात कायमची मुक्कामाला आहे. वर्तमानपत्र छापलेल्या धरून २२ पट्ट्या उरल्यात, पाकिटासकट, न वापरलेल्या. कुणाला हव्या असतील तर सांगा.