‘शरीर अ‍ॅसिडिक झालंय’ सांगून आमच्याकडून १,८५,४५० रुपये नेले

आधी आकडे, कारण विकणारा माणूस ते कधीच एका दमात सांगत नाही. अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी बनवणारं मशीन १,६४,५०० रुपये. त्यातले ४०,००० रोख आणि बाकीचे दरमहा १०,३७५ चे १२ हप्ते. ‘बॉडी पीएच अ‍ॅनालिसिस’ ३,५०० (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कलाइन). मिनरल पावडर ६,२००. तपासायचे थेंब १,४५०. फिल्टर ९,८००, ज्याच्याकडे ‘दोन वर्षं बघायला नको’ असं सांगितलं होतं आणि जो काही महिन्यांतच बदलायला लावला. एकूण १,८५,४५०. पक्की पावती फक्त मशीनची आहे. बाकी सगळं वहीच्या कागदावर.

ओळखीचं माणूस, फुकट डेमो, मग हॉलमधलं सेमिनार आणि विकायला येणारा ‘सर’, ही साखळी आता सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे आल्या त्या ओळखीतल्या एक काकू. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात, हे त्यांना माहीत होतं. ‘बाबांसाठी तरी एकदा बघ गं’ म्हणाल्या. बापाचं दुखणं पुढे केल्यावर दार लावून घेणारी मुलगी मला दाखवा.

डेमो असा. एका ग्लासात फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात कोल्ड्रिंक, तिसऱ्यात मशीनचं पाणी. थेंब टाकले की पहिले दोन पिवळे, तिसरा निळा. ‘ताई, हे पिवळं तुमच्या रक्तात चाललंय.’ मग स्लाइड: ऑटो वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं, कारण त्यांनी अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगत नाही हे सिद्ध केलं. नोबेल १९३१ चं आहे हे खरं. ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या संशोधनाला. अल्कलाइन पाण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. अर्धं खरं सांगतात, म्हणून पकडता येत नाही.

आणि आता तो क्षण, ज्याची आठवण झाली की अजून अंगाची आग होते. माझी नववीतली भाची तिथेच बसली होती. ती उठली, फिल्टरच्या साध्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि त्यांचेच थेंब त्यात सोडले. पाणी निळं झालं. दीड लाखाच्या मशीनचा रंग चिमूटभर सोड्यात आला! खोलीत सगळ्यांनी बघितलं. तो सर एका क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, ‘बेटा, ते केमिकल अल्कलाइन, हे नॅचरल अल्कलाइन.’ पुढच्या दहा मिनिटांत सही झाली. डेमो तिथेच संपायला हवा होता. पोरीला गप्प केलं गेलं आणि आम्ही सगळे मोठे ते ऐकत बसलो.

‘शिकलेल्या असून कशा फसलात’ असं विचारणाऱ्यांना सांगते: समोरचा माणूस शाळेतलंच रसायनशास्त्र वापरत होता. थेंब खरे, रंग खरा, पीएचही खरा. खोटी होती ती फक्त ग्लासातून रक्तात मारलेली उडी. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, किडनी जास्तीचं आम्ल लघवीतून काढते, रक्तातलं बायकार्बोनेट बाकीचं सांभाळतं. तो आकडा खरोखर घसरला तर माणूस हॉस्पिटलमध्ये असतो, सेमिनारला नसतो. वर जठरातलं आम्ल दीड ते साडेतीन पीएचचं. मशीनचं साडेनऊ पीएचचं पाणी तिथे पोचलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो.

लघवीचा पीएच रंगाने दाखवणारी पट्टी हा तर सर्वांत नीच प्रकार. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी लावायला सांगतात. ती बहुतेकांची आम्लधर्मीच असते. रात्रभर किडनीने आपलं काम केलं, एवढाच त्याचा अर्थ. भाज्या-फळं जास्त खाल्ली की पट्टीचा रंग बदलतो, हेही खरं. पण बदलते ती लघवी, रक्त नाही. आम्हाला मात्र तोच रंग ‘बाबा सुधारतायत’ म्हणून दाखवला.

पैशांपेक्षा मोठा राग पुढचा आहे. सरांनी बाबांना परस्पर सांगितलं की गोळ्यासुद्धा अ‍ॅसिडिक असतात, अर्ध्या करा. बाबांनी केल्या. उपाशीपोटी साखर २७४ आली. कुणीही, कसल्याही पाण्याच्या जोरावर, चालू औषध कमी करायला सांगितलं तर त्याच मिनिटाला त्याला घराबाहेर काढा.

पैसे मागितल्यावर उत्तर: ‘मशीन वापरलंय, परत होत नाही. खाली दोन माणसं लावा, पैसे आपोआप वसूल होतील.’ म्हणजे आम्ही आणखी दोघांचे बाबा शोधायचे.

मग सुरू झाली सरकारी दारं. पोलीस म्हणाले, मशीन मिळालं ना, चालतंय ना, मग हा दिवाणी मामला. एका खात्यात सांगितलं, हे औषध नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात सांगितलं, रोग बरा करायचा दावा आहे ना, मग औषधवाल्यांकडेच जा. मी परत पहिल्याकडे. तिथले साहेब रजेवर. हेल्पलाइनवर तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद केली, कारण कंपनीने ‘ग्राहकाशी संपर्क साधला’ असं लिहून दिलं. संपर्क म्हणजे नवीन फिल्टर घेता का, हा फोन! मधुमेह, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून या देशात आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, पीएच ६.५ ते ८.५ मध्येच असावा म्हणतं. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत पिरॅमिड योजनेला, म्हणजे खाली माणसं लावून पैसे कमवायच्या धंद्याला, मनाई आहे. कागद मी घेऊन गेले होते. कुणी वाचायला हातात घेतला नाही. अमेरिकेत याच अल्कलाइन सिद्धांताचा मोठा प्रचारक रॉबर्ट यंग २०१६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला, तुरुंगात गेला, आणि २०१८ मध्ये ज्यूरीने एका कॅन्सरग्रस्त महिलेला त्याच्याकडून १०.५ कोटी डॉलर द्यायला सांगितले. माझ्या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मिळवायलासुद्धा मला भांडावं लागलं.

रोख देऊ नका. हप्त्यांची सही डेमोच्या दिवशी तर नाहीच. तोंडी केलेला प्रत्येक दावा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर काय ते समजा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. हे मला एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही. थेंबांची बाटली, पट्ट्या, वहीचा कागद, काही फेकू नका. आणि किडनीचा आजार असलेल्यांनी असलं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नये.

तक्रार दाखल केली आहे. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मशीन पडून असेल तर ६०,००० ला गिऱ्हाईक आहे म्हणाल्या, आईला कॅन्सर झालेला एक मुलगा. मी त्या मुलाचा नंबर मागितला. काकूंनी फोन ठेवला, आणि तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत.