एअरब्रश डब्यांना हवाच, इमारतींना नकोच : दिवाळी ते श्रावण वापरानंतरचा अनुभव

रेल्वेच्या छोट्या मॉडेलांसाठी घेतलेला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनसारखं यंत्र : ड्युअल अ‍ॅक्शन (एकाच ट्रिगरनं हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा), ०.३ मिमीचं नोझल, वरून रंग भरायचा कप. सोबत तीन लिटर टाकीचा छोटा काँप्रेसर, दाबाचा काटा आणि पाणी अडवणारा फिल्टर. नावाजलेली कंपनी नाही; ऑनलाइन दर दोन महिन्यांनी नाव बदलून विकायला येणाऱ्या सेटांपैकी एक. सगळं मिळून आठ हजारांच्या आत बसलं. दिवाळीनंतर घेतला, आता श्रावण चालू आहे. म्हणजे पुण्याची थंडी, एप्रिल-मे आणि पाऊस असं सगळं त्याच्यावरून गेलंय. पार्सल उघडल्यावर आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू ढिगानं सापडतात, पण त्यात हवामानाचा उल्लेख नसतो. आपल्याकडे निम्मा प्रश्न हवामानाचाच आहे.

आधी मी काय रंगवतो ते सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. माझा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनसकट मांडलेला रेल्वेचा छोटा देखावा, कुर्डुवाडीवर बेतलेला, काळ नव्वदीच्या दशकाचा शेवट : विटकरी आणि निळे डबे एकाच यार्डात उभे, एका अंगाला ब्रॉडगेज, दुसऱ्या अंगाला बार्शी लाइटची नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ही लाइन १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिमी. १:८७ म्हणजे एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या मापात) त्याचे होतात पावणेनऊ मिमी, आणि बाजारात ९ मिमीचा रूळ सरळ मिळतो. उलट ब्रॉडगेजला १९ मिमीच्या वर रुंदी हवी, तिथे १६.५ मिमीवर भागवावं लागतं. धाकटी लाइन बिनचूक आणि थोरली अंग चोरून, असा प्रकार. आपल्याकडच्या गाड्यांची तयार मॉडेलं मोजकीच, त्यामुळे डबे थ्रीडी प्रिंट आणि स्टायरीन प्लास्टिकच्या शीटमधून घरीच बांधायचे, घरीच रंगवायचे.

डब्यांसाठी एअरब्रशला पर्याय नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा सुमारे २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटरची सलग भिंत. त्यावर ब्रशनं निळा लावला की केसांचे ओरखडे राहतातच, आणि दोन-तीन हात मारले की खिडक्यांच्या कडा, बिजागऱ्या, पावदाणं बुजायला लागतात. एअरब्रशचा थर इतका पातळ बसतो की प्रिंटमधल्या रेघासुद्धा शाबूत राहतात. (प्रिंटच्या नको असलेल्या रेघाही राहतात! त्यासाठी आधी मिस्टर सरफेसर १००० या प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, दोन हात आणि पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. रेझिनचा प्रिंट असेल तर त्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं नीट धुवा, नाहीतर टेप ओढताना प्रायमरसकट सगळं निघून येईल.)

निळ्या डब्याला खिडक्यांच्या पट्ट्यात फिका निळा असतो, वर-खाली गडद. फिका आधी मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पट्ट्यावर मास्किंग टेप लावायची. मग लगेच गडद मारायचा नाही. टेपच्या कडेवरून पुन्हा एकदा फिक्याचाच हलका फवारा. कडेखालून काही झिरपलंच तर फिकाच झिरपतो आणि फट बंद होते. त्यानंतर गडद. या एका सवयीमुळे रेघ इतकी स्वच्छ येते की डबा हातात घेणारे पट्टा चिकटवलाय का असं विचारतात. आणखी एक : खऱ्या डब्याशी जुळवलेला निळा मॉडेलवर काळपट दिसतो, त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. पिवळसर एलईडीखाली तर आणखीच. ज्या दिव्याखाली लेआउट राहणार आहे, त्याच दिव्याखाली रंग ठरवा.

दाब मी १५ ते १८ पीएसआयच्या मध्ये ठेवतो, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. टामिया कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक रंगात थिनर निम्म्यास निम्मा, कधी जास्त. सगळीकडे ‘दुधासारखा पातळ’ असं लिहिलेलं असतं. माझ्या हाताला मठ्ठ्याचा अंदाज जास्त जुळतो. कपाच्या भिंतीवरून ओघळताना मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. वायेहो कंपनीचे रंग पाण्यावरचे, त्यांना त्यांचाच थिनर द्या. अल्कोहोल घातलंत की चोथापाणी होतं आणि तासभर नोझल कोरत बसावं लागतं.

आता ऋतू. थंडीत सगळं सुरळीत. एप्रिलच्या दुपारी रंग हवेतच वाळतो आणि डब्यावर रवाळ थर बसतो, सुईच्या टोकावरही गोळा जमतो. रिटार्डरचे (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब, जरा जवळून फवारा आणि शक्यतो सकाळची वेळ, एवढ्यानं जमतं. पावसाळा जास्त छळतो. दमट हवा दाबली की टाकीत पाणी सुटतं. फिल्टर नसेल तर ते थेट डब्यावर थेंब होऊन पडेल. जुलैत फिल्टरची काचेची वाटी दर बैठकीला रिकामी करावी लागत होती, आणि टाकीच्या तळाचा स्क्रू उघडला की तांबूस पाणी निघायचं. लॅकर आणि मॅट व्हार्निश यांचं दुखणं वेगळं. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथेच जमते आणि वर पांढरं धुकं उमटतं. पावसात मी व्हार्निश मारतच नाही. अगदीच अडलं तर दुपारी, उघडीप असताना. पण पुण्यातल्या सोसायटीत दुपारी एक ते चार काँप्रेसर चालवायचा म्हणजे शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत त्यावर आलं.

इथवर सगळं एअरब्रशच्या बाजूनं. इमारतींच्या बाबतीत माझं मत उलट आहे, आणि ते बदलेलसं वाटत नाही. स्टेशनची काळ्या दगडाची भिंत एअरब्रशनं रंगवली की ती कारखान्यातून आल्यासारखी दिसते. डब्याला कारखान्याचा गुळगुळीतपणा शोभतो, कारण तो कारखान्यातूनच येतो. भिंत दगड-दगड करून उभी राहिलेली असते, तिला रंगही तसाच द्यावा लागतो. मी करड्या रंगाच्या चार-पाच छटा घेतो, कुठेही शुद्ध काळा नाही, आणि स्वस्तातल्या ब्रशनं एकेक दगड वेगळा करतो. वाळल्यावर वॉल पुट्टीची पावडर बोटानं सांध्यांत चोळायची आणि ओलसर फडक्यानं वरची पुसून घ्यायची. चुन्यानं भरलेल्या सांध्यांच्या रेघा आपोआप उठून येतात. मंगलोरी कौलांना आधी मातकट लाल, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं नारिंगी, वळचणीला शेवाळाचा काळपट हिरवा. स्टेशनची पिवळी पाटी मात्र रंगवत बसू नका. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट डिकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्राच्या कागदावर) छापा.

गंजासाठी परदेशी पिगमेंटच्या, म्हणजे रंगाच्या कोरड्या भुकटीच्या, बाटल्या घेतल्या होत्या, त्या आता कपाटात आहेत. गेरू! पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा गेरू खलात घोटून मलमलमधून गाळला की उत्तम पिगमेंट तयार होतं. असणारच, मुळात तो लोहाचा ऑक्साइडच आहे. मालगाडीच्या वाघिणींना तळाकडून वर मऊ ब्रशनं लावायचा आणि अल्कोहोलचा थेंब सोडून बसवायचा. इंजिनाच्या धुराड्याभोवती काजळी. पांढरी रांगोळी सिमेंटच्या वाघिणींवर छान बसते. रंगीत रांगोळी नको, ओली झाली की रंग सोडते.

माणसंही ब्रशचंच काम, त्यात वाद नाही. १:८७ मधला माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तयार रंगवलेली माणसं युरोपातली, कोट-हॅटवाली. पंढरपूरच्या गाडीला ती चालत नाहीत. म्हणून बिनरंगी पाकीट घेऊन त्यांना धोतर, नऊवारी, मुंडासं द्यायचं. हॅटची कड कापली की टोपी होते.

यंत्राबद्दलच्या तक्रारी आता. काँप्रेसर दणकट निघाला, टाकीमुळे हवा न थरथरता येते. टाकी नसलेला स्वस्त प्रकार घेऊ नका, त्याचे धक्के थेट पट्ट्याच्या रंगात दिसतात. एअरब्रश मात्र बेताचा. आतल्या रबरी रिंगा लॅकर थिनरनं फुगल्या आणि ट्रिगर अडकायला लागला. मग कपातल्या रंगात बुडबुडे यायला लागले, म्हणजे नोझलच्या बुडाशी हवा गळतेय. उघडून पाहिलं तर नोझलचं टोक चिरलेलं. विक्रेत्याकडे सुटे भाग नाहीत, आणि त्याचं उत्तर होतं की नवा सेट घ्या.

तेव्हा घेणार असाल तर पैसे काँप्रेसर आणि एअरब्रश वेगवेगळे धरून लावा. काँप्रेसर असाच, टाकी आणि फिल्टरवाला चालेल. एअरब्रश असा घ्या ज्याचं नोझल, सुई आणि टेफ्लॉनच्या रिंगा सुट्या मिळतात, आणि पहिल्याच ऑर्डरमध्ये एक जादा नोझल टाका. लॅकर मारणार असाल तर थिनरची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्कही त्यातच घ्या. एन-९५ रंगाचे कण अडवतो, वाफ नाही.