जुनी सुपर्ब घ्यायची, तर टर्बो की सहा सिलिंडर?

भाच्याला खरं तर स्टेशन वॅगन हवी होती, म्हणजे मागे छतापर्यंत डिकी असलेली गाडी. दोन मुलं, एक लॅब्रॅडॉर, वर्षातून दोनदा सावंतवाडी, आणि येताना सासुरवाडीचे नारळ, फणस, कोकमाच्या बाटल्या. पण आपल्याकडे वॅगन कधी रुजलीच नाही. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी आल्या आणि गेल्या. "अँब्युलन्स घेतलीत का?" असं विचारणारे शेजारी असल्यावर दुसरं काय होणार. आता धड अवस्थेतली एखादी दिसलीच, तर मालकाचा जीव तिच्यात अडकलेला असतो.

मग वॅगनच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू उरते ती दुसऱ्या पिढीची स्कोडा सुपर्ब, आपल्याकडे २००९ मध्ये आलेली. दिसायला सेदान, पण डिकीचं झाकण दोन तऱ्हांनी उघडतं: नुसतं झाकण, किंवा मागच्या काचेसकट अख्खं दार. जागा ५६५ लिटर. मागे बसून मांडीवर मांडी टाकता येते. (त्या दुहेरी झाकणाची मोटर आणि कुलूप दोन्ही तऱ्हांनी चालवून बघा. विकणारा हमखास एकच दाखवतो.)

एका रविवारी भाचा नेरुळला आमच्याकडे आला आणि फोनवर दोन जाहिराती दाखवल्या. एक १.८ टीएसआय, चार सिलिंडर, टर्बो. दुसरी ३.६ व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडर. "मामा, फक्त लाखभराचा फरक आहे."

घोळ त्या "फक्त"मध्ये आहे. नवी असताना व्ही-सिक्स कितीतरी महाग होती, म्हणून तिचा भाव जास्त कोसळला. भाव कोसळतो, पण सुटे भाग नव्याच भावाने मिळतात.

कागदावर

१.८ चं इंजिन १७९८ सीसी, १६० पीएस (अश्वशक्तीच धरा), आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही १५०० आरपीएमपासूनच, इंजिन सावकाश फिरत असतानाच. व्ही-सिक्स ३५९७ सीसी, २६० पीएस, ३५० न्यूटन मीटर, शिवाय चारही चाकांना ताकद. १.८ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), व्ही-सिक्समध्ये फक्त सहा गिअरचा डीएसजी. लांबी दोन्हींची ४.८४ मीटर; सोसायटीत पझल पार्किंग (गाड्या वरखाली सरकवणारं) असेल तर आधी पाटीवरची मर्यादा वाचून घ्या.

व्ही-सिक्स म्हणतात खरं, पण आतलं इंजिन व्हीआर-सिक्स आहे. सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन फक्त १०.६ अंश, त्यामुळे सहाही सिलिंडरवर एकच हेड (वरचं झाकण) बसतं आणि एवढं मोठं इंजिन आडवं मावतं. आवाजही नेहमीच्या व्ही-सिक्ससारखा नाही, थोडा घोगरा, घशातून आलेला. खरं सांगायचं तर निम्मे लोक ही गाडी त्या आवाजासाठी घेतात, आणि मी त्यांना हसणार नाही.

भाच्याचा रस्ता

तो राहतो कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे घोडबंदर रोड, कापूरबावडी, पुढे कळव्याहून विटाव्यामार्गे किंवा मुलुंड-ऐरोली पुलावरून. सकाळी मेट्रोच्या खांबांखालून सरपटत जाताना १६० पीएस काय आणि २६० काय! तिथे उपयोग आहे तो १५०० आरपीएमला मिळणाऱ्या टॉर्कचा, आणि तो टर्बोकडे आहे. पायाला जोर न देता गाडी उचलते.

व्ही-सिक्सचा फरक कळतो तो आंबोली चढताना. पाच माणसं, भरलेली डिकी, समोर उसाचा ट्रॅक्टर, आणि ओव्हरटेकला जेमतेम जागा. १.८ तिथे जाते, पण एक गिअर खाली टाकून, जरा विचार करून. व्ही-सिक्सला विचारावं लागत नाही. समृद्धीवर आमण्याहून चढलात की १२० च्या वेगाला ते इंजिन निवांत असतं. पण १२० ही तिथली मर्यादाच आहे, पुणे एक्सप्रेसवेवर १००, घाटात त्याहून कमी. वर्षातून दोन वेळच्या आंबोलीसाठी रोजचं पेट्रोल किती जाळायचं, हा खरा प्रश्न.

हिशेब करू. महिन्याला ९०० किलोमीटर, बहुतेक ट्रॅफिकमधले. १.८ ला शहरात ९ च्या आसपास ॲव्हरेज धरा, व्ही-सिक्सला ६. म्हणजे १०० लिटर विरुद्ध १५० लिटर. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं तर महिन्याला ५,२०० रुपयांचा फरक, वर्षाला ६२,४००. लाखभर जास्त देऊन गाडी घेतली, तर वीस महिन्यांत आणखी एक लाख पंपावर.

विम्याचं मात्र लोक उगाच घाबरवतात. थर्ड पार्टीचा दर २०२२ च्या तक्त्याप्रमाणे १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना एकच, ७,८९७ रुपये. दोघी एकाच रांगेत.

इंजिनापेक्षा गिअरबॉक्स बघा

इथे मी भाच्याला तासभर बसवून ठेवलं, कारण टर्बो की सहा सिलिंडर या वादात लोक इंजिनावर भांडतात आणि खिसा रिकामा करतो गिअरबॉक्स.

१.८ बरोबर येणारा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. दोन क्लच, पण थंड करायला तेल नाही, नुसती हवा. या गिअरबॉक्सची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि इंजिनाचा टॉर्कही नेमका २५०. मोकळ्या रस्त्यावर काही बिघडत नाही. पण घोडबंदरला गाडी एक फूट पुढे, थांब, एक फूट पुढे, थांब, असं अर्धा तास करते, तेव्हा तो क्लच अर्धवट धरून घासत राहतो आणि तापतो. त्यातून थरथर सुरू होते. त्याच्या जोडीला मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू, ज्याचं दुखणं लाखाच्या पुढे जातं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगन समूहाने याच सात गिअरच्या डीएसजीच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून गिअरबॉक्समधलं तेल बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. म्हणून गाडी त्या आधीची असेल, तर तेल बदलल्याचा कागद मागा.

माझ्या आधीच्या गाडीला असाच कोरडा दुहेरी क्लच होता. गाडीचं नाव सांगत नाही, तो विषयही नाही. एका संध्याकाळी पामबीचवर डॅशबोर्डवरचं गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं. गाडी पहिल्यातून थेट तिसऱ्यात, मग पाचव्यात. दोन, चार, सहा गायब. मला वाटलं, चला, घरापर्यंत तर पोचतोय. पोचलो, सोसायटीत शिरलो, जागेसमोर उभा राहिलो आणि तेव्हा ध्यानात आलं की रिव्हर्सही सम गिअरच्याच क्लचवर असतो. वॉचमन, दोन कॉलेजची पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका, अशा चौघांनी ढकलून गाडी लावली. काका हाफ पँटवर होते आणि अजून दर गणपतीत ती गोष्ट सांगतात.

व्ही-सिक्सचा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा. क्लच तेलात बुडालेले, त्यामुळे ट्रॅफिकची उष्णता पचवतो. पण त्या तेलाला आणि फिल्टरला दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स कपलिंगचं तेल वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने ही दोन्ही कामं केली असतील, यावर माझा विश्वास नाही. पावती दिसली तरच खरं.

आणि १.८ चा मॅन्युअल? एक क्लच प्लेट, एक प्रेशर प्लेट. तुर्भे एमआयडीसीतला कुठलाही बरा मेकॅनिक बदलतो. डावा पाय दुखतो, एवढंच. शोधायला वेळ लागतो, कारण तेव्हा लोकांनी ऑटोमॅटिकच जास्त घेतल्या.

इंजिनांची दुखणी

१.८ टीएसआयच्या या पिढीची दोन दुखणी जगजाहीर आहेत. पहिलं, ऑइल खाणं. पिस्टनच्या रिंगांमधून तेल परत जायची भोकं बारीक, ती काजळीने बुजतात आणि तेल जळतं. विकणाऱ्याला "ऑइल किती खाते?" असं विचारू नका, कुणी सांगणार नाही. "मध्ये टॉपअपला कुठलं ऑइल टाकता?" असं विचारा. लगेच ब्रँड सांगितला, की समजायचं.

दुसरं, टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी चेन ताणून धरणारा भाग. जुन्या बनावटीचा टेन्शनर दगा देतो, चेन दात सोडते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. नंतर सुधारलेला भाग आला, पण तो बसवलाय का हे बघावं लागतं.

खारघरला आम्ही एक १.८ मॅन्युअल बघायला गेलो, तेव्हा मेकॅनिकला बरोबर नेलं होतं. सकाळी सातची वेळ ठरलेली. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. मालक म्हणाले, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो." दुधाचं दुकान बिल्डिंगच्या खालीच होतं. चेनची खडखड ऐकू येते ती गार इंजिन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद, मग तेलाचा दाब आला की गप्प. आम्ही चहा घेतला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सहालाच, न सांगता. या वेळी बॉनेट गार. मालक पायजम्यात खाली आले, चेहरा पडलेला, पण गाडी सुरू केली तर खडखड नाही! बिचाऱ्यांनी उगाच गरम केली होती. मग मेकॅनिकने चाकाच्या बाजूने वाकून, चेनच्या खालच्या कव्हरवरचं रबरी बूच काढलं आणि मोबाइलचा टॉर्च आत धरला. टेन्शनरच्या दांड्याचे दाते दिसतात. दांडा जितका बाहेर आलेला, जितके दाते मोजता येतील, तितकी चेन ताणलेली. त्याने मोजले, बूच परत बसवलं, हात पुसले आणि म्हणाला, "अजून आहे जीव."

व्ही-सिक्सला टर्बो नाही, ती एक चिंता कमी. पण चेन तिलाही आहे आणि ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेनच्या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन आणि गाइडचे पैसे एकीकडे, मजुरी दुसरीकडे, आणि मजुरीचंच पारडं जड. इग्निशन कॉइल सहा, प्लग सहा, ऑइल साडेपाच लिटर. १.८ ला साडेचार लिटरच्या जरा वर.

व्हॉल्व्हवर काजळी दोन्हींना धरते, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येण्याआधीच्या दोन्ही गाड्या, म्हणून रबरी नळ्या आणि सील नीट बघून घ्या. टर्बोसाठी एक सवय लावून घ्या: घाट चढून वर आलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. चहाच्या टपरीवर उतरायची घाई कुणाला नसते, पण मुलांना असते.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली जुलैमध्ये पाणी भरतं, तिथे मात्र दोघींची किंमत सारखीच. चार चाकांना ताकद म्हणजे होडी नव्हे. भाच्याला हे दोनदा सांगावं लागलं.

कागदपत्रं

भाच्याची आवडती व्ही-सिक्स दिल्ली पासिंगची निघाली. तिकडे पंधरा वर्षांच्या वरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून अशा गाड्या स्वस्तात इकडे येतात. तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, मग एमएच-०४ किंवा एमएच-४३ नंबर, आणि पंधरा वर्षं झाली असली की फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. २००९-१० च्या गाड्यांची ही वेळ आलेलीच आहे. एजंट "सगळं करून देतो" म्हणतो. ते सगळं झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. त्यात किलोमीटरचा आकडा ५४,०००, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालेलं.

माझं मत असं. घरात एकच गाडी असेल आणि ती रोज घोडबंदरला जाणार असेल, तर १.८ मॅन्युअल. नाही मिळाली, तर थांबा. १.८ डीएसजी घ्यायचीच असेल, तर लाख-दीड लाख बाजूला ठेवून घ्या. तो पैसा गाडीच्याच किमतीत धरायचा. व्ही-सिक्स कुणासाठी? ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे, पार्किंगची दुसरी जागा आहे, आणि जो रविवारी सकाळी उगाचच कसाऱ्यापर्यंत जाऊन मिसळ खाऊन येतो. त्याने ॲव्हरेजचा विचारच करू नये, करायचा असेल तर ती घेऊ नये. बायकोला आधी विचारावं, हे वेगळं सांगत नाही.

भाच्याने खारघरच्या गाडीला टोकन दिलं. त्याची बायको मागच्या सीटवर बसली, पाय लांब केले, आणि "हीच" म्हणाली. लॅब्रॅडॉरने डिकीत उडी मारून पाहिली.

दिल्लीची व्ही-सिक्स अजून वाशीत उभी आहे, भाव आणखी पंचवीस हजारांनी उतरलाय. कुणी बघायला जाणार असेल, तर सकाळी सहाला जा, गिअरबॉक्स ऑइलची पावती मागा, आणि मागचं दार काचेसकट उघडायला सांगा. आम्ही गेलो तेव्हा ते उघडत नव्हतं.