काळी, पण करपलेली नाही : वायरमन कंपनीचा कॅराफा स्पेशल ३ माल्ट

इंदूरला विजयनगरच्या एका मायक्रोब्रुअरीत मी बिअर बनवतो. मोठी टाकी भरण्याआधी २० लिटरची चाचणी करायचीच, हा माझा नेम. गेला महिनाभर काळ्या आयपीएच्या, म्हणजे हॉप्सचा वास आणि कडवटपणा पुढे असलेल्या बिअरच्या काळ्या प्रकाराच्या, मागे लागलो होतो.

पहिल्या खेपेला भाजलेली बार्ली घातली. रंग आला, पण घोट असा तुरट, की हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कुठे गेले कळेना. तव्यावर करपलेल्या भाकरीची चव!

मग जर्मनीतल्या बाम्बर्गच्या वायरमन (Weyermann) कंपनीचा हा माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, आणला. भाजण्याआधी याच्या दाण्याचं बरंचसं साल काढलेलं असतं, आणि काळ्या माल्टचा तुरटपणा मुख्यतः सालातूनच उतरतो. रंग १३०० ईबीसीच्या वर (ईबीसी हे रंगाचं माप; आकडा मोठा तितका रंग गडद), त्यामुळे साडेपाच किलो धान्यात २५० ग्रॅम पुरले. तेही मॅशच्या, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवण्याच्या, शेवटच्या दहा मिनिटांत घातले. सुरुवातीपासून घातले तर पीएच खाली जातो, म्हणजे मिश्रणाची आम्लता वाढते. उकळीच्या अखेरीस कॅस्केड आणि सेंटेनियल या जातींचे हॉप्स, मग आंबवण सरल्यावर चार दिवस कोरडे हॉप्स, म्हणजे न उकळता नुसतेच बुडवलेले.

ग्लासात जवळजवळ काळी, वर बदामी फेस, आणि वास थेट ग्रेपफ्रूटच्या सालीचा! मागून कोकोची हलकीशी चव. बारवरचा दादा डोळे मिटून प्यायला आणि म्हणाला, "भिया, ही तर नेहमीचीच आयपीए ना?" मला नेमकं हेच हवं होतं.

एक तक्रार पुरवठादाराची : अख्खा दाणा मागवला, दळलेला आला. दळलेल्याचा वास लवकर उडतो. पुढच्या वेळी पिशवी उघडून बघूनच पैसे देईन.