नौपाड्यातील व्याकरणवर्ग : 'ली'च्या पलीकडचे ॲडव्हर्ब

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीत, मराठी माध्यमातील मुलांसाठी दर रविवारी सकाळी इंग्रजी व्याकरणाचा एक छोटा वर्ग भरतो. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तिथे केवळ ॲडव्हर्ब, म्हणजे मराठीत ज्याला क्रियाविशेषण म्हणतात, या विषयाचे 6 तास केले. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, त्यामुळे त्यांपैकी 4 तास मी स्वतः ऐकले.

शब्दाच्या शेवटी 'ली' आले की तो ॲडव्हर्ब, एवढेच बहुतेक मुलांच्या मनावर बिंबलेले असते. बाईंनी पहिल्याच तासाला फळ्यावर 'फ्रेंडली', 'लोन्ली' आणि 'अग्ली' हे शब्द लिहून ती विशेषणे असल्याचे मुलांकडूनच वदवून घेतले आणि मग 'ली' नसलेल्या ॲडव्हर्बकडे वळल्या. 'शी वर्क्ड हार्ड' म्हणजे तिने कष्ट घेतले, तर 'शी हार्डली वर्क्ड' म्हणजे तिने जवळजवळ कामच केले नाही. हा फरक कळताच वर्गात हशा पिकला.

या वर्गाचे खरे बळ मात्र मराठीच्या आधाराने शिकवण्यात आहे. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द गाण्याची रीत सांगत असूनही कर्त्याप्रमाणे बदलतो. साहजिकच मुलांना तो विशेषण वाटतो आणि 'शी सिंग्ज गुड' असे वाक्य तयार होते. इंग्रजी ॲडव्हर्ब लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही आणि इथे 'गुड'च्या जागी 'वेल' हवे, हे बाईंनी ज्या शांतपणे उलगडले, तसे माझ्या शाळेत कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. तीच गोष्ट 'खूप'ची. आपण 'खूप गरम'ही म्हणतो आणि 'खूप आवडते'ही. पण 'व्हेरी हॉट' चालत असले तरी 'आय व्हेरी लाइक इट' चालत नाही, तिथे 'व्हेरी मच' हवे, आणि ते बहुधा वाक्याच्या शेवटी येते. 'क्रियाविशेषण' या नावानेही फसगत होते, कारण इंग्रजीतील ॲडव्हर्ब क्रियापदाबरोबरच विशेषणाविषयी, दुसऱ्या ॲडव्हर्बविषयी आणि कधी संपूर्ण वाक्याविषयीही माहिती देतो. म्हणून कसे, कुठे, केव्हा, किती आणि कितीदा हे प्रश्न विचारून शब्द पारखायची सवय इथे लावतात. तलावपाळीच्या कोपिनेश्वर मंदिराविषयी दिलेले 'देअर इज अ टेम्पल देअर' हे वाक्य मला फार आवडले: त्यातले शेवटचे 'देअर' कुठे या प्रश्नाचे उत्तर देते, पहिले देत नाही, ते नुसते कर्त्याची जागा अडवून बसलेले असते.

उणिवाही आहेत. संपूर्ण वाक्याला लागणारा ॲडव्हर्ब शेवटच्या तासात 10 मिनिटांत गुंडाळला गेला. 'क्लिअरली, ही डिड नॉट स्पीक' म्हणजे तो बोलला नाही हे उघड आहे, आणि 'ही डिड नॉट स्पीक क्लिअरली' म्हणजे तो स्पष्ट बोलला नाही. एवढा मोठा अर्थभेद घाईत सांगण्यासारखा नव्हता. सरावाच्या छापील उत्तरांत 'शी केम अर्ली' मधील 'अर्ली' विशेषण म्हणून दिले आहे, ते सरळ चूक आहे. चूक दाखवल्यावर बाईंनी ती मान्य केली, पण पुढच्या रविवारी नव्या मुलांना तोच कागद मिळालेला दिसला. 2,400 रुपये शुल्क घेणाऱ्या वर्गाकडून हे अपेक्षित नाही. एका खोलीत 22 मुले बसतात, त्यामुळे मागच्या रांगेतील मुलांच्या वह्या तपासायच्या राहून जातात.

'ही वेन्ट इन द रूम' मधील 'इन' प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय) असेल, तर नुसत्या 'ही वेन्ट इन' मधील 'इन'ला काय म्हणायचे, असे मुलीने शेवटच्या तासाला विचारले. तो ॲडव्हर्ब आहे एवढे बाईंनी सांगितले आणि कारण पुढच्या महिन्यातील प्रिपोझिशनच्या तासांसाठी राखून ठेवले. त्या तासांसाठी मी मुलीचे नाव नोंदवले आहे, आणि या वेळी पहिल्या रांगेतील जागा मागून घेतली आहे.